दुसऱ्या पायरीवरची आय-लीग

आय-लीग या फुटबॉल स्पर्धेचा २०२४-२५चा विजेता मैदानावर ठरला नाही. ६ एप्रिल २०२५ला शेवटच्या फेरीचे सामने संपले तेव्हा गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण होते, इंटर काशीचे ३९. पण ‘नामधारी’ या क्लबने इंटर काशीविरुद्ध अपात्र खेळाडू उतरवल्याचा वाद मिटलेला नव्हता. भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने काशीच्या बाजूने कौल दिला, अपील समितीने तो फिरवला आणि चर्चिलला विजेते घोषित करण्यात आलं. जुलैत स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने ती घोषणा रद्द करून इंटर काशीला विजेतेपद दिलं. ज्या स्पर्धेकडे देश पाठ फिरवून बसला आहे, तिच्यासाठी दोन क्लब तीन महिने इतक्या इरेला पेटले होते. असं काय आहे तिच्यात?

एके काळी हीच देशातली सर्वोच्च लीग होती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगची जागा २००७-०८ मध्ये आय-लीगने घेतली आणि पहिल्या सहा हंगामांची सहाही विजेतेपदं गोव्यात गेली. तीन धेंपोची, दोन चर्चिलची, एक साळगावकरचं. २०११च्या जनगणनेत ज्या राज्याची लोकसंख्या पंधरा लाखही भरली नाही, त्याने कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांना सलग सहा वर्षं मागे ठेवलं. आर्मांदो कुलासोंच्या धेंपोने तर २००८ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली होती. भारतीय क्रीडेतल्या या मोठ्या पराक्रमाची शेजारच्या महाराष्ट्रात आठवण निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. सिनेतारे आले, क्रिकेटपटू आले, झगमगाट आला. आय-लीगला खालची जागा मिळणार याची चिन्हं दिसू लागली तशी २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब निषेध म्हणून बाहेर पडले. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या आराखड्याने पुढची दिशा ठरवली आणि २०२२-२३पासून आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या श्रेणीची झाली. विजेत्याला वरच्या लीगचं दार उघडं झालं, ही त्यातली खरी कमाई. पंजाब एफसी आणि मोहमेडन स्पोर्टिंग त्याच दाराने वर गेले. काशी आणि चर्चिल यांच्या भांडणाचं मूळही तिथेच आहे.

गोव्याचे क्लब गेल्याने जी जागा रिकामी झाली, तिच्यामुळे नुकत्याच खाली घसरलेल्या ऐझॉल एफसीला पुन्हा प्रवेश मिळाला. मिझोरामच्या या क्लबकडे पैसा बेताचा होता. प्रशिक्षक होते खालिद जमील. मुंबई एफसीचा संघ त्यांनी अनेक वर्षं सांभाळला होता, आणि तिथली जबाबदारी हातून जाऊन फार दिवस झाले नव्हते. २०१६-१७च्या त्या हंगामात ऐझॉलच्या घरच्या मैदानावर मोहन बागान आलं. सामना बरोबरीकडे चालला असताना ८३व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्तेने डोक्याने गोल केला. शेवटचा सामना ३० एप्रिल २०१७ला शिलाँग लाजाँगविरुद्ध, त्यांच्याच गावात. ऐझॉलला एक गुण पुरेसा होता, पण सुरुवातीलाच गोल खावा लागला. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि ती टिकली. ऐझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्येकडचा क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता ठरला.

त्याच वर्षी सुपर लीगमध्ये दोन नवे संघ आले. निविदा भरून. देशाचा विजेता ऐझॉल जिथे होता तिथेच राहिला. हा अन्याय होता, आणि तो अन्याय होता असंच म्हणायला हवं. खालिद जमील मात्र पुढे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि पुढच्याच महिन्यात मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये त्यांच्या संघाने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. जमील कसे घडले हे समजून घ्यायचं तर आय-लीगकडेच जावं लागतं.

या लीगचा नकाशाच वेगळा आहे. २०१४च्या महापुरानंतर श्रीनगरच्या तरुणांच्या हाताला काही चांगलं काम असावं, या इच्छेतून रियल काश्मीर उभा राहिला आणि २०१८ मध्ये आय-लीगमध्ये पोहोचला. स्कॉटलंडचे डेव्हिड रॉबर्टसन त्याचे प्रशिक्षक होते. पुलवामाच्या हल्ल्यानंतर मिनर्व्हा पंजाबचा संघ सामन्यासाठी श्रीनगरला गेला नाही, तोही याच लीगच्या इतिहासाचा भाग. मणिपूरमध्ये हिंसाचार भडकला तेव्हा इंफाळचे ट्राउ आणि नेरोका हे क्लब बंगालमधल्या कल्याणीत ‘घरचे’ सामने खेळले आणि त्याच हंगामात दोघेही खालच्या श्रेणीत गेले. कोझिकोडचा गोकुलम केरळा सलग दोनदा विजेता झाला. मे २०२२ मध्ये एएफसी कपमध्ये त्याने कोलकात्यातच एटीके मोहन बागानला ४-२ असं हरवलं. खालच्या लीगचा खेळ हलका असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा सामना शोधून जरूर पाहावा.

आणि महाराष्ट्र? २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये उपविजेता होता, तोही मिटला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी, केंकरे एफसी हे सगळे येऊन गेले. २०२४-२५ मध्ये आय-लीगमधल्या बारा क्लबांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. कोल्हापुरात पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला आणि त्यानंतर इंडियन ॲरोजकडून आय-लीगमध्ये तयार झाला. पोरं आहेत, प्रेक्षक आहेत, पेठांमधली ईर्ष्या तर आहेच. नाही तो टिकणारा क्लब. मालकाची हौस फिटली किंवा धंदा अडचणीत आला की संघ गुंडाळायचा, हे आपल्याकडे वारंवार घडलं आहे.

लीगचे दोषही आहेत. सामने कुठे दिसणार याची शोधाशोध करावी लागते. काही क्लबांना आपल्या गावात मैदान मिळत नाही. वाराणसीच्या नावाने खेळणारा इंटर काशीही कल्याणीत खेळला. तारखा उशिरा ठरतात, मग प्रेक्षक तरी कसा बांधला जाणार? पण जुलै २०२५ मध्ये महासंघाशी असलेला करार अडकल्याने सुपर लीगच स्थगित झाली, तेव्हा सगळा भार वरच्या मजल्यावर टाकण्यातला धोका उघड झाला. खाली मात्र हालचाल चालूच होती. त्याच उन्हाळ्यात आय-लीगमध्ये बढती मिळवलेला बंगालचा डायमंड हार्बर ऑगस्टमध्ये थेट ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला.

लीगमधून बाहेर पडलेला धेंपो २०२४-२५ मध्ये परतला. धेंपो आणि चर्चिल या दोघांनी त्या हंगामात मडगावजवळच्या राय गावातल्या पंचायतीच्या मैदानावर सामने खेळले. कोकण रेल्वेने मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी मडगाव येतं. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक लागलं की गोव्यातल्या एखाद्या सामन्याची तारीख पाहून तिकीट काढा.