घमेले आणि थापी

बांधकामात बायका कमी आहेत असे ज्याला वाटते, त्याने स्लॅब पडायच्या दिवशी एखाद्या छोट्या साइटवर उभे राहावे. खडी-वाळू उपसणाऱ्यांत, माल वर पोचवणाऱ्या रांगेत बायका असतातच. त्या नसतात भिंतीपाशी, जिथे थापी आणि ओळंबा चालतो. गवंड्याची हजेरी बिगाऱ्यापेक्षा जास्त, आणि पुष्कळ ठिकाणी बाईची पुरुष बिगाऱ्याहूनही कमी. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झालेला असूनही. भिंतीपाशी बायका नसण्याचे ठरलेले कारण सांगितले जाते : गवंडीकाम जड असते. पण ओल्या मालाने भरलेले घमेले सहज पंधरा-वीस किलोंचे होते, आणि ते डोक्यावर घेऊन फळ्यांच्या उतारावरून दिवसभर चढायचे असते. वीट तीनेक किलोची, थापी तर किलोभरही नाही. प्रश्न ताकदीचा असता तर कामाची वाटणी नेमकी उलटी झाली असती.

अडते ते शिकण्याच्या वाटेवर. आपल्याकडे बहुतेक गवंडी शाळेत नव्हे, कुणाच्या तरी हाताखाली तयार होतात. पोरगा दुपारच्या सुट्टीत थापी उचलतो, चार विटा वाकड्या लावतो, शिव्या खातो आणि काही वर्षांत कारागीर होतो. त्याच गवंड्याला वीस वर्षे माल देणाऱ्या बाईला ही मुभा नसते. अनेकदा ती कामावर येते तीच नवऱ्याच्या जोडीने. पैसे त्याच्या हाती पडतात आणि तिचा अनुभव कुणाच्या हिशेबात धरला जात नाही. हुन्नर बापाकडून मुलाकडे जातो, मुलीकडे क्वचितच. गेला तर काय होते, तेही दिसले आहे. शकुंतला भगत 1953 साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्यासह त्यांनी सुटे पोलादी भाग जोडून पूल उभारण्याची पद्धत विकसित केली. त्यांचा पहिला पूल 1972 साली हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे नामवंत पूल-अभियंते होते. बाईंची बुद्धी त्यामुळे उणी ठरत नाही. दार आतून उघडणारे कुणी असले की किती फरक पडतो, एवढेच दिसते.

घरात असा वारसा नसलेल्यांचे काय? स्वच्छ भारत मोहिमेत झारखंडला शौचालये बांधायला गवंडी पुरेनात, तेव्हा बचतगटांतल्या बायकांना शिकवले गेले आणि अशा हजारो ‘रानी मिस्त्री’ तयार झाल्या. शौचालय म्हणजे कसले बांधकाम, असा आक्षेप येईल. पण दोन शोषखड्ड्यांचे गोल, जाळीदार विटकाम सरळ भिंतीपेक्षा सोपे नसते. माझ्या मते खरा आक्षेप निराळा आहे : हे काम सरकारी योजनेतून आले, ठेकेदाराकडून नव्हे. योजना संपल्यावर मुकादम या बायकांना भिंतीवर घेईलच असे नाही. झारखंडच्या या अनुभवातून अडवणूक कुठे होते हे मात्र स्पष्ट होते.

मुलाबाळांमुळे बायका कुशल कामात टिकत नाहीत, असेही म्हणतात. घमेले वाहताना त्याच मुलांची अडचण कुणाला दिसत नाही, हे सोडून देऊ. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने साइटवर पाळणाघर सक्तीचे केले होते, पण पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तिथेच. दोन-तीन मजली इमारतीच्या कामावर पन्नास बायका कुठून असणार? म्हणजे छोट्या कामांवरची मुले वाळूच्या ढिगाऱ्यावरच.

हे सारे बदलायची घाई करायला हवी ती यंत्रांमुळे. रेडीमिक्सचा माल पंपाच्या नळीतून थेट वरच्या मजल्यावर जातो. त्याला घमेले लागत नाही. सेन्ट्रिंग, सळई बांधणे, फरशी, प्लंबिंग ही कामे उरतात, आणि ती कारागिरांची. अहमदाबादेत ‘सेवा’ या स्त्री कामगारांच्या संघटनेने बांधकाम करणाऱ्या बायकांसाठी ‘कर्मिका’ ही शाळा काढली ती हा धोका ओळखून. मात्र शिक्षण पुरत नाही, साइट मिळावी लागते. सरकारी घरकुलांच्या आणि इमारतींच्या ठेक्यांत इतक्या स्त्री गवंडी कामावर हव्यात, त्यांची हजेरी त्यांच्याच खात्यावर जमा व्हावी, अशी अट घालणे अवघड नाही. सिमेंट कोणत्या प्रतीचे वापरायचे हे आपण ठेक्यात लिहितोच.