डोंगरगावातील धावणे : लाभ उंचीचा नव्हे, चढाचा

नेर (जि. यवतमाळ) : नेरसारख्या तालुक्याच्या गावात पहाटे रस्त्यावर धावणारी मुले दिसली, की ती पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करीत असावीत, हे सांगावे लागत नाही. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. मात्र २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून राज्यातील लहान-मोठ्या शहरांत धावणाऱ्यांचा आणखी एक वर्ग उदयास आला. नोकरी, दुकान, दवाखाना किंवा घरसंसार सांभाळून २१ अथवा ४२ किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करणारा हा हौशी धावपटू. त्याला पदकाची आशा नसते आणि प्रशिक्षकही बहुधा नसतो. सपाट प्रदेशातील अशा धावपटूच्या मनात एक खंत हमखास असते. डोंगराळ गावातल्यांना विरळ हवेचा लाभ मिळतो, आपल्या नशिबी तो नाही, अशी ती खंत. तिच्यात तथ्य किती?

साताऱ्याचे उदाहरण

महाराष्ट्रात डोंगराच्या कुशीतील धावण्याचा विषय निघाला, की पहिले नाव साताऱ्याचे येते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. शहर संपताच यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि तो रस्ता पुढे कासच्या पठाराकडे जातो. याच रस्त्यावर २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. शर्यतीचा पूर्वार्ध मुख्यतः चढाचा आणि उत्तरार्ध उताराचा. २०१५ मध्ये अडीच हजारांहून अधिक धावपटूंच्या सहभागामुळे डोंगरी शर्यत म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. या साऱ्यामुळे डोंगरी हवा आणि धावण्याची ताकद यांचे नाते लोकांच्या मनात पक्के झाले. वस्तुतः हे नाते वाटते तितके सरळ नाही.

विरळ हवेचे गणित

हा विषय जगापुढे ठळकपणे आला तो १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमुळे. हे शहर सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथे १५०० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या शर्यती केनिया व इथिओपियाच्या, म्हणजे उंच पठारांच्या देशांतील, धावपटूंनी जिंकल्या. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, हवेचा दाब मात्र घटतो. मेक्सिको सिटीत तो समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे पाऊणपट भरतो. दाब घटला की रक्ताला प्राणवायू कमी मिळतो. मग मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि शरीर अधिक तांबड्या पेशी तयार करू लागते. या बदलासाठी साधारणपणे दोन हजार मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर तीन ते चार आठवडे मुक्काम करावा लागतो. केनियातील इटेन हे धावपटूंचे गाव सुमारे २,४०० मीटरवर आहे. आपल्या देशातील धावपटू सरावासाठी ज्या उटीला जातात, तिची उंचीही मेक्सिको सिटीएवढीच आहे.

आता महाराष्ट्राचा नकाशा पाहावा. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. महाबळेश्वर १,४०० मीटरच्या आत, तर विदर्भाचे चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर. साताऱ्याचा आकडा वर आलाच आहे. तात्पर्य, विरळ हवेमुळे रक्तात ठळक बदल घडावा अशी उंची महाराष्ट्रातील एकाही शहराला लाभलेली नाही. शर्यतीआधी आठ दिवस रजा काढून थंड हवेच्या ठिकाणी राहून आल्याने मन ताजेतवाने होईल, तांबड्या पेशी वाढणार नाहीत.

चढ काय शिकवतो?

मग साताऱ्यात धावणाऱ्याला मिळते ते काय? पहिली गोष्ट चढ. दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर अंतरात दहा मीटर वर जाताना, तेवढ्याच अंतरासाठी शरीराला सपाटीच्या दीडपटीहून अधिक ऊर्जा खर्च करावी लागते. त्यामुळे वेग कमी असूनही हृदय आणि फुप्फुसे यांना भरपूर काम मिळते. पोटऱ्या, मांड्या आणि नितंबाचे स्नायू बळकट होतात. पाऊल आखूड पडते आणि जमिनीवर आदळण्याचा धक्का सौम्य होतो. घड्याळाऐवजी श्वासाकडे पाहून धावण्याची सवयही चढच लावतो, कारण तेथे सपाटीचा वेग धरू पाहणारा काही मिनिटांतच थांबतो.

दुसरी गोष्ट उतार, आणि नवखा माणूस फसतो तो येथेच. उतारावर दम लागत नाही म्हणून वेग वाढतो. परंतु प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. दुखणे लगेच जाणवत नाही, एक ते तीन दिवसांत ते शिगेला पोहोचते. घाट उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, त्याचे कारण हेच. निसर्गाने यावर उपायही ठेवला आहे. अशा श्रमाची पहिली मात्रा थोडी दिली, तर पुढचे काही आठवडे स्नायू तोच भार कमी दुखापतीत पेलतात. म्हणून उताराचा सराव टाळू नये, मात्र तो थोड्या अंतराने सुरू करावा.

तिसरी गोष्ट गारवा. थंड हवेत शरीराला स्वतःला थंड ठेवण्यासाठी कमी खटाटोप करावा लागतो आणि अधिक काळ धावता येते. अर्थात डोंगरगावाच्याही अडचणी असतात. पावसाळ्यात घाटात धुके दाटते, रस्ता निसरडा होतो आणि कासचा फुलांचा हंगाम सुरू झाला की सुटीच्या दिवशी वाहनांची रीघ लागते.

आठवड्याची मांडणी

हौशी धावपटूचा खरा प्रतिस्पर्धी असतो वेळ. सकाळी नऊला कामावर हजर व्हायचे, तर पाचला उठण्यावाचून पर्याय नाही. त्यासाठी रात्री दहाला झोपणे आले, म्हणजे घरच्यांचे सहकार्यही आले. आठवड्यातून चार दिवस धावणे अर्धमॅरेथॉनसाठी बहुतेकांना पुरते. त्यांपैकी दोन दिवस निवांत धावावे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकाच वेग असावा. एक दिवस चढाचा ठेवावा. मिनिट-दीड मिनिट चढ धावायचा, चालत खाली यायचे, असे सहा ते आठ वेळा. चौथा दिवस, बहुधा रविवार, लांब अंतराचा. उरलेल्या दिवसांत एक-दोनदा उठाबशा, टाचा उचलणे असे ताकदीचे व्यायाम करावेत आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी.

एकूण धावण्यापैकी सुमारे चार पंचमांश सावकाश असावे, असे अनुभवी प्रशिक्षक आवर्जून सांगतात. आपल्याकडे याच नियमाची सर्वाधिक पायमल्ली होते. रोज जोरात धावणाऱ्याचे स्नायू सावरत नाहीत आणि नडगी, गुडघा किंवा टाच दुखू लागते. शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत.

नेरच्या रस्त्यावर

हे सारे समजून घेतल्यावर सपाटीवरील धावपटूची खंत उरण्याचे कारण नाही. साताऱ्याची उंची उसनी आणता येत नाही आणि तिची गरजही नाही. चढ मात्र मिळवता येतो. गावालगतची टेकडी, उड्डाणपुलाचा चढ किंवा मैदानाच्या पायऱ्या यांवर दीड मिनिटाचा सराव उत्तम होतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात येणारा पेडर रोडचा चढ अनेकांची परीक्षा पाहतो. त्याची तयारी अशा जागीही होऊ शकते.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र गंभीर आहे. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. शरीर उष्णतेला सरावते, हे खरे. दहा ते चौदा दिवस हळूहळू सराव केल्यास घाम लवकर येऊ लागतो आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. परंतु हा सराव पहाटेच्या मर्यादेतच करावा. चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच धावणे थांबवून सावली, अंगावर पाणी आणि वैद्यकीय मदत यांत क्षणाचाही विलंब करू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. अमरावती-यवतमाळ मार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर अंधारात धावण्यापेक्षा मैदान किंवा शेतरस्ता बरा. रस्त्यावरच धावावे लागले, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने आणि चकाकणारा पट्टा लावून धावावे.

साताऱ्याकडून शिकायचे ते हेच. तेथील हौशी धावपटू तयार होतो तो विरळ हवेने नव्हे, तर दारातला घाट आठवड्यामागून आठवडे, न कंटाळता आणि न घाई करता चढल्याने. तो नेम नेरमध्येही पाळता येतो, त्यासाठी डोंगराची वाट पाहावी लागत नाही.