पाच रकाने आणि एक टीप

सर्व्हर सांभाळणारे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आणि प्रोग्राम लिहिणारे डेव्हलपर आपल्यापाशी लहानमोठ्या टिपणांची एक फाइल बाळगतात, आणि एखादी सेवा कशी सुरू करावी, कोणती सेटिंग कुठे असते, वारंवार लागणारी आज्ञा नेमकी कशी लिहावी, हे तीत उतरवून ठेवतात. आज्ञा पुस्तकातही सापडते. ती तशीच का लिहिली याचे कारण मात्र लिहिणाऱ्यापाशीच असते, आणि ते नोंदवलेले नसेल तर काही महिन्यांत त्यालाही आठवत नाही. युनिक्स परंपरेतील ‘क्रॉन’ हा प्रोग्राम याचे उत्तम उदाहरण आहे.

क्रॉन म्हणजे पार्श्वभूमीत अखंड चालणारा आणि ठरलेल्या वेळी ठरलेले काम आपोआप सुरू करणारा प्रोग्राम. बेल लॅब्जच्या १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता, आणि पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेले त्याचे रूप पुढे अनेक लिनक्स प्रणालींत रूढ झाले. कामांची यादी ‘क्रॉनटॅब’ नावाच्या तक्त्यात असते. प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने व त्यांच्यापुढे आज्ञा असते, आणि ताऱ्याच्या खुणेचा अर्थ ‘प्रत्येक’ असा होतो. ‘३० २ * * १’ म्हणजे दर सोमवारी पहाटे अडीच वाजता.

अनेक सर्व्हरांचे घड्याळ मात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे पुण्यातील सोमवारची पहाट साधायची तर त्या सर्व्हरवर ‘० २१ * * ०’, म्हणजे रविवारी रात्री नऊ, असे लिहावे लागते. तासाबरोबर वारही बदलतो. पुढे ही ओळ वाचणाऱ्याला ती चूक वाटली आणि त्याने ती ‘दुरुस्त’ केली, तर बॅकअपसारखे जड काम सोमवारी पहाटेऐवजी सकाळी आठ वाजता, कामाच्या वेळेच्या तोंडावर, सुरू होईल. क्रॉनटॅबमध्ये हॅशच्या खुणेने सुरू होणारी ओळ प्रोग्राम सोडून देतो. अशा स्वतंत्र ओळीवर ‘भारतीय वेळ सोमवार पहाटे २:३०, घड्याळ यूटीसी’ एवढे लिहिले तरी हा धोका टळतो.

याहून फसवा नियम तारीख आणि वार यांचा आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी काम व्हावे म्हणून ‘० ९ १-७ * १’ असे लिहिणे स्वाभाविक वाटते, कारण पहिला सोमवार पहिल्या सात दिवसांतच येतो. परंतु दोन्ही रकाने भरलेले असतील तर क्रॉन त्यांपैकी कोणताही एक जुळला तरी काम सुरू करतो, म्हणून हे काम महिन्याचे पहिले सात दिवस रोज आणि शिवाय दर सोमवारी चालते. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे वाराच्या रकान्यात तारा ठेवून वाराची तपासणी आज्ञेतच करणे. ती ‘डेट’ या आज्ञेने करताना टक्क्याची खूण लागते, आणि क्रॉन त्या खुणेचा अर्थ नवी ओळ असा घेत असल्यामुळे तिच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. ती रेघ निरर्थक वाटून कोणी पुसली की काम बंद पडते. इतक्या छोट्या चिन्हामागे इतके मोठे कारण असेल, हे नुसत्या ओळीवरून कळण्याचा मार्ग नाही.

हाताने चालवलेली स्क्रिप्ट क्रॉनमधून चालत नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. वापरकर्ता लॉगिन करतो तेव्हा वाचल्या जाणाऱ्या सेटिंग क्रॉन वाचत नाही आणि प्रोग्राम शोधण्याच्या जागांची त्याची यादी अगदी तोकडी असते. म्हणून आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा.

टिपण सर्व्हरबाहेर ठेवण्यालाही ठोस कारण आहे. क्रॉनटॅब संपादित करण्याचा ‘ई’ आणि पूर्ण तक्ता पुसण्याचा ‘आर’ हे पर्याय इंग्रजी कीबोर्डवर शेजारीशेजारी आहेत, आणि पुसण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी काहीही विचारले जात नाही. ‘एल’ या पर्यायाने तक्ता छापून त्याची प्रत गिटसारख्या, प्रत्येक बदलाचा इतिहास राखणाऱ्या साधनात ठेवली, तर ओळी परत मिळतातच, शिवाय प्रत्येक बदलासोबत त्याचे कारणही लिहिता येते.