उकळत्या तळ्याचे बेट आणि डोंगरातल्या पायऱ्या

जुलै २०२३ मधली गोष्ट. भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातला पहिला कसोटी सामना चालू होता. मी ऑफिसातून येऊन हातपाय धुऊन बसलो होतो आणि घरातली सारी मुले टीव्हीला चिकटली होती. मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या यशस्वी जयस्वालने आपल्या पहिल्याच कसोटीत १७१ धावा काढल्या. मुलांनी टाळ्या पिटून घर डोक्यावर घेतले. पण माझ्या धाकट्या पुतण्याचे लक्ष मैदानामागच्या हिरव्यागार डोंगरांकडे होते. तो म्हणाला, "काका, हे तर आपल्या माळशेज घाटासारखं दिसतंय. कुठलं गाव आहे हे?"

पडद्यावर नाव होते : रोझो, डॉमिनिका. त्यापलीकडे मला काहीच सांगता आले नाही. मनाला थोडी लाज वाटली. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता थक्क झालो. मी तिथे गेलेलो नाही. आपल्या पगारात जाणे होईल असेही नाही. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, काही ठिकाणे अशी असतात की तिथे पाय लागले नाहीत तरी त्यांची ओळख आपल्या मुलाबाळांना असली पाहिजे.

आगीतून उठलेले बेट

डॉमिनिका हे कॅरिबियन समुद्रातले छोटे बेट. डोमिनिकन रिपब्लिक हा देश वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नये. क्षेत्रफळ सुमारे ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा थोडे मोठे. लोकसंख्या मात्र जेमतेम सत्तर हजारांच्या आसपास. एवढ्याशा जागेत मोर्न दियाब्लोटिन हे शिखर १,४४७ मीटर उंच गेले आहे. सपाट जमीन फार थोडी. जिकडे पाहावे तिकडे डोंगर, दऱ्या, नद्या आणि धबधबे.

हे सारे बेट ज्वालामुखीतून निर्माण झाले. आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला. डॉमिनिकाच्या पोटातली आग अजून विझलेली नाही. वज्रेश्वरीची गरम कुंडे आपण पाहिली आहेत. तिथे वॉटन वेव्हन गावात तशीच गंधकाच्या पाण्याची कुंडे आहेत आणि लोक अंग शेकायला त्यात उतरतात. किनाऱ्याजवळ 'शॅम्पेन रीफ' नावाची जागा आहे. तिथे समुद्राच्या तळातून गरम वायूचे बुडबुडे अखंड वर येत असतात आणि पोहणारा माणूस त्या बुडबुड्यांतून पोहतो.

सर्वांत मोठे नवल म्हणजे उकळते तळे. लोदा या डोंगरातल्या गावाजवळून वाट सुरू होते. जाऊन-येऊन सहा-सात तासांची चाल. आधी घनदाट जंगल, चिखल आणि चढ-उतार. मग 'उजाड दरी' लागते. इथे जमिनीच्या भेगांतून वाफ फुसफुसते, चिखल रटरटतो, सडक्या अंड्यांसारखा गंधकाचा वास येतो आणि झाड म्हणून उभे राहत नाही. वाटाड्याशिवाय इथे जाऊ नये असे सांगतात, कारण पातळ कवचावर पाय पडला तर माणूस भाजून निघतो. त्याच्याही पुढे सुमारे साठ मीटर रुंदीचे ते तळे, राखाडी-निळ्या पाण्याचे, वाफेने झाकलेले. काठाचे पाणीच ८० ते ९० अंश तापलेले असते, मध्यभागी तर ते खळखळा उकळत असते. झिरपलेले पावसाचे पाणी खालच्या तप्त वायूंनी तापते, एवढेच त्याचे कारण. त्यात ना कोणाचा कोप, ना कोणाचा चमत्कार. हा सारा भाग १९९७ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झाला.

डोंगरांनी कोणाला आसरा दिला?

बंधू-भगिनींनो, निसर्गवर्णन इथे संपले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. कारण पुढे आहे.

३ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबसाने हे बेट दुरून पाहिले. तो रविवार होता म्हणून त्याने रविवारचेच नाव बेटाला देऊन टाकले. जणू त्या भूमीला आधी नावच नव्हते! तिथले मूळ रहिवासी कालिनागो. ते आपल्या बेटाला वाइटुकुबुली म्हणत, म्हणजे 'उंच आहे तिची काया'. आजूबाजूची बेटे एकेक करून युरोपियनांनी गिळली. पण या बेटावरचे कडे, जंगले आणि कालिनागोंचा चिवट प्रतिकार यांपुढे त्यांचे फारसे चालले नाही. अखेर १७६३ च्या तहाने बेट ब्रिटिशांकडे गेले.

मग मळे आले आणि मळ्यांबरोबर गुलामगिरी आली. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे रोझोच्या बाजारचौकात गुराढोरांसारखी विकली जात. पण त्यांतले कित्येक जण संधी मिळताच डोंगरात पळाले. त्यांना 'मरून' म्हणत. त्यांनी जंगलात वस्त्या केल्या, शेती केली आणि मळेवाल्यांशी लढा दिला. त्यांच्यातला एक म्होरक्या जॅको. तो चाळीसहून अधिक वर्षे डोंगरात स्वतंत्रपणे जगला. लायू नदीच्या वरच्या पठारावर त्याची वस्ती होती. तिथे चढण्यासाठी खडकात हाताने खोदलेल्या पायऱ्या आजही आहेत. त्या मुद्दाम इतक्या उंच ठेवल्या की शत्रूच्या शिपायाला एकेक करूनच, धापा टाकत चढावे लागावे. १८१४ साली गव्हर्नर एन्सली याने मरून लोकांवर फौजा सोडल्या आणि त्यात जॅको मारला गेला. त्याच्या पायऱ्या मात्र राहिल्या.

उत्तरेला कॅब्रिट्स येथे फोर्ट शर्ली नावाचा किल्ला आहे. आपल्याकडे गडावर सहली जातात तशी माणसे तिथे जातात. १८०२ च्या एप्रिलमध्ये या किल्ल्यावर आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटच्या आफ्रिकन सैनिकांनी बंड केले. गणवेश अंगावर असूनही कायद्याने ते गुलामच होते. त्यांच्याकडून दलदल साफ करण्याची वेठ घेतली जात होती. पुढे आपल्याला उसाच्या मळ्यांवर विकणार, अशी भीती त्यांच्यात पसरली. तीन दिवस त्यांनी किल्ला ताब्यात ठेवला. बंड चिरडले गेले, अनेकांना मृत्युदंड झाला. परंतु १८०७ साली ब्रिटिश सैन्यातील सुमारे दहा हजार गुलाम सैनिकांना मुक्त करावे लागले. पुढे हा किल्ला जंगलाने गिळला होता. १९८२ पासून इतिहासकार लेनॉक्स हनीचर्च यांनी त्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले, म्हणून आज तो पाहायला मिळतो.

१ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, पण उमेदवारीच्या नावाखाली फुकट राबवणे १८३८ पर्यंत चालूच होते. ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कोणाला? राबलेल्यांना नव्हे, मालकांना! हिशेबाच्या वह्या पाहण्यात माझी नोकरी गेली, पण असा उलटा हिशेब मी पाहिला नाही. आमचे जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. समुद्रापलीकडच्या माणसाचे दुःख आपले मानण्याची रीत आपल्याकडे तेव्हापासून आहे.

कालिनागोंची जमीन

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर १९०३ साली सुमारे ३,७०० एकर जमीन कालिनागोंसाठी राखून ठेवली गेली. साऱ्या बेटाच्या मालकांच्या वाट्याला एवढीच. तीही सुखाने नाही. १९३० साली पोलिसांबरोबरच्या चकमकीत दोन कालिनागो ठार झाले आणि त्यांच्या मुखियाचे पद काढून घेतले गेले. ते कित्येक वर्षांनी परत मिळाले. आज तिथे सुमारे तीन हजार लोक राहतात. जमीन सर्वांच्या सामाईक मालकीची, ती बाहेरच्याला विकता येत नाही. त्यामुळे जमीन टिकली. पण दुसरी बाजूही आहे. जमीन तारण ठेवता येत नाही, म्हणून घर बांधायला किंवा धंद्याला बँकेचे कर्ज मिळणे कठीण जाते. संरक्षण आणि अडचण एकाच कायद्यात कशी असते, ते इथे दिसते.

येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे 'कालिनागो बाराना ऑते' हे नमुन्याचे गाव २००६ साली उघडले. लारुमा नावाच्या बोरूच्या टोपल्या विणणाऱ्या बाया, कसावा कंदाची भाकरी, खोड कोरून केलेली होडी हे तिथे पाहता येते. जवळच सिनेकू येथे लाव्हाचा एक दगडी पट्टा पायऱ्या-पायऱ्यांनी समुद्रात उतरतो. तो एका मोठ्या सापाचा जिना आहे, अशी कालिनागोंची लोककथा आहे.

१८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया वादळाने बेटावरची बहुतेक छपरे उडवली आणि जंगलाचे पान-पान झाडून नेले. लोकांनी पुन्हा घरे बांधली, वाटा मोकळ्या केल्या. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कालिनागो समाजातल्या सिल्व्हानी बर्टन या डॉमिनिकाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. या पदावर बसलेली ती पहिली स्त्री आणि पहिली कालिनागो व्यक्ती. ज्यांच्या बेटाचे नावच पुसले गेले होते, त्यांची लेक देशाच्या सर्वोच्च पदावर बसली!

बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १८४ किलोमीटरची पायवाट २०११ साली खुली झाली. तिला नाव दिले वाइटुकुबुली. कोलंबसाने पुसलेले नाव लोकांनी पायाखालच्या वाटेला परत दिले. या वाटेचे काही भाग कालिनागो आणि मरून यांच्या जुन्या वाटांवरूनच जातात. रोझो शहरात मरून माणसाचा पुतळा आहे, तो शंख फुंकतो आहे. डोंगरातल्या बांधवांना इशारा देण्याचा तो शंख.

माझ्या पुतण्याला हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे काका, आपण लेण्यांवर सहलीला गेलो होतो, त्या पायऱ्या पण कुणीतरी हातानेच खोदल्या असतील ना?"

होय बाळा, हातानेच. वाचकहो, येत्या सुट्टीत मुलांना घेऊन डोंगरावर जाल तेव्हा देखावा जरूर पाहा, फोटो काढा, डबा खा. पण उतरण्यापूर्वी मुलांना एवढे विचारा : ही वाट कोणी पाडली? ज्या घरातले मूल हा प्रश्न विचारायला शिकले, त्या घराची सहल कारणी लागली म्हणायची.