शर्यतीआधीची ट्रायल

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गाडी दुरुस्त झाली म्हणून मिस्त्री ती लगेच आपल्या हातात देत नाही. "थांबा, एक ट्रायल मारून येतो," म्हणतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. त्या दोन मिनिटांत त्याचं लक्ष रस्त्याकडे कमी आणि इंजिनाच्या आवाजाकडे जास्त असतं. परत आल्यावर बहुधा एखादा स्क्रू थोडासा फिरवतो आणि पुन्हा जातो. मोटारसायकलींच्या जागतिक शर्यती, म्हणजे मोटोजीपी, सुरू होण्याआधी जी चाचणी होते ती मुळात हीच ट्रायल. गल्लीऐवजी साडेपाच किलोमीटरचा ट्रॅक, ताशी तीनशेच्या वर पळणारी गाडी, आणि मिस्त्रीच्या जागी संगणक मांडून बसलेलं अख्खं पथक, एवढाच काय तो फरक.

आता तुम्ही म्हणाल, शर्यत नाही, निकाल नाही, करंडक नाही. मग हे बघायला कोण जातं? जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मीही गेलो, मलेशियात सेपांगला. माझी भाची लग्नानंतर क्वालालंपूरला असते, तिच्याकडे जायचंच होतं. तिचा भाऊ माझ्याबरोबर होता. तो चाकणला मोटारसायकलींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. गाड्यांचं वेड त्याचं. माझं वेड म्हणजे तरुणपणी आरएक्स हंड्रेडच्या आवाजानं मान वळायची, तेवढंच. पण तीन दिवस त्याच्या शेजारी बसून मला जे उमगलं ते सांगण्यासारखं आहे, कारण शर्यत टीव्हीवर सगळ्यांना दिसते, ही ट्रायल मात्र सहसा कुणी समजावून सांगत नाही.

पहिली गोष्ट, या दिवसांची टंचाई. मोटोजीपीचा मोसम नोव्हेंबरात संपतो. त्यानंतर एक दिवसाची चाचणी होते, आणि मग डिसेंबर व जानेवारी हे दोन महिने नियमानं बंदी. खर्चाला आवर बसावा आणि माणसांना घर दिसावं, हा त्यामागचा हेतू. फेब्रुवारीत युरोपात थंडी असते. थंड डांबरावर या गाड्यांचे टायर पकड धरत नाहीत, म्हणून सगळा तांडा पूर्वेला येतो. २०२५ मध्ये सेपांगला तीन दिवस आणि त्यानंतर थायलंडच्या बुरीरामला दोन दिवस, एवढंच सर्वांच्या वाट्याला आलं. बावीस शर्यतींच्या मोसमाआधी पाच दिवस! आपल्याकडे गणपतीच्या ढोलपथकाचा सरावसुद्धा याहून जास्त चालतो.

सेपांगचा ट्रॅक १९९९ साली झाला. जर्मन वास्तुविशारद हेरमान टिल्के यांनी त्याची आखणी केली. लांबी ५.५४३ किलोमीटर, वळणं पंधरा, आणि क्वालालंपूरचा मोठा विमानतळ अगदी जवळ. मुख्य स्टँडची रचना मला फार आवडली. दोन लांबलचक सरळ रस्त्यांच्या मधोमध तो उभा आहे. एका बाजूला बसलं की पिटसमोरचा रस्ता, पाठीमागच्या बाजूला गेलं की दुसरा रस्ता, आणि दोन्ही जोडणारं शेवटचं तीव्र वळण टोकाला. चाचणीच्या दिवशी गर्दी नसते. हवी ती खुर्ची आपली, आणि कंटाळा आला की उठून पलीकडे जायला वाव.

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, अशी वेळ. पहिल्या तासात नवखा प्रेक्षक हमखास हिरमुसतो. एक गाडी बाहेर पडते, तीन चकरा मारते आणि आत जाते. मग वीस मिनिटं काहीच नाही. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत मेकॅनिक गुडघ्यावर बसलेले. पुन्हा तोच रायडर, तीच गाडी, पुन्हा तीन चकरा. "मामू, कंटाळू नका, आता समोरचं फेअरिंग बदललंय बघा," असं भाचा म्हणाला तेव्हा मी चष्मा पुसला. नाकाच्या बाजूचे पंख खरंच वेगळे होते. काही गाड्यांवर तर जाहिरातही नव्हती, नुसतं काळं कार्बन.

चाचणीचा कायदा असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि वेळ सुधारली, तर श्रेय कुणाचं ते कळणार नाही. गझल लिहिणाऱ्याला हे नवं नाही. रदीफ जागचा हलवायचा नाही, काफिया तेवढा बदलायचा आणि शेर कुठे पोचतो ते पाहायचं. इथे रदीफ म्हणजे तो ट्रॅक, आणि काफिया म्हणजे चेसिस, पंख, फोर्क, इंजिनाचं सॉफ्टवेअर. रायडरचं काम जोरात पळवण्याइतकंच आत येऊन सांगण्याचंही असतं. "नवव्या वळणावर पुढचं चाक हलकं वाटतं" असं तो म्हणतो, आणि गाडीवरच्या सेन्सरांनी जमवलेल्या आकड्यांत अभियंते ते हलकेपण शोधत बसतात. आकडे आणि माणूस यांचं जमलं नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा, हा तिथला रोजचा वाद.

प्रेक्षकानं काय करावं? मी सांगेन, आधी ऐकावं. २०२५ मध्ये पाच कंपन्या होत्या. डुकाटी, होंडा, केटीएम आणि एप्रिलिया यांच्या इंजिनांत चार सिलिंडर व्ही आकारात होते, एकट्या यामाहाचे एका ओळीत. (२०२६ साठी यामाहानंही व्ही आकार घेतला.) अर्ध्या दिवसात कान तयार होतो, डोळे मिटूनही यामाहा गेली हे कळतं. मग शेवटच्या वळणाकडे कान द्यावा. रायडर थ्रॉटल उघडतो तेव्हा आवाज एकसलग चढला तर गाडी खूश आहे. मध्येच अडखळला, तुटक झाला, तर इलेक्ट्रॉनिक्स मागच्या चाकाला आवरतंय, म्हणजे पकड कमी पडते आहे. त्याच वेळी गाडीचा मागचा भाग खाली बसताना दिसतो. वळणातून बाहेर पडताना गाडीची उंची कमी करणारं यंत्र असतं ते. पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून त्याची योजना. २०२७ पासून या यंत्रावर बंदी आहे, आणि इंजिनही १००० सीसीवरून ८५० वर येणार आहे.

आणि मग वेळेचा तक्ता. सगळा घोळ इथेच होतो. संध्याकाळी बातमी येते, अमुक पहिला, तमुक दुसरा, आणि वाचणारा समजतो की याची गाडी भारी. पहिल्या दिवशी यामाहाचा फाबिओ क्वार्तारारो सर्वांत वेगवान होता. तिसऱ्या दिवसअखेर अलेक्स मार्केझ १ मिनिट ५६.४९३ सेकंदांसह पहिला, फ्रान्सेस्को बान्याया अवघ्या सात सहस्रांश सेकंदांनी मागे, आणि क्वार्तारारो तिसरा. यामाहाचे चाहते खूश. पण त्या अख्ख्या मोसमात क्वार्तारारोला एकही शर्यत जिंकता आली नाही. एका चकरीपुरती ती गाडी खरोखर वेगवान होती, आणि पहिल्या क्रमांकावरून शर्यत सुरू करण्याचा मान त्यानं अनेकदा मिळवला. वीसेक चकरा तो वेग टिकवणं तिला जमत नव्हतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कंपन्यांना गुणांनुसार अ ते ड अशा श्रेणी दिल्या जातात. मागे पडलेल्यांना सवलती मिळतात. त्या वेळी डुकाटी अ श्रेणीत, होंडा आणि यामाहा ड मध्ये होते. म्हणून या दोघांच्या मुख्य रायडरांना मुख्य चाचणीच्या आधी सेपांगवरच जादा तीन दिवस चालवायला मिळालं होतं. इतर लोक सुट्टीनंतर हात मोकळे करत असताना क्वार्तारारोचा हात आधीच बसलेला. त्यातून वेगवान वेळा बहुधा सकाळी लागतात. नवा मऊ टायर, टाकीत जेमतेम पेट्रोल आणि थंड डांबर. दुपारी इथलं डांबर पन्नास अंशांच्या वर तापतं आणि टायर घसरायला लागतो. म्हणून कोणती वेळ किती वाजता लागली, हे पाहिल्याशिवाय तक्त्याला अर्थ नाही.

भाच्यानं मला वही घेऊन बसवलं. सर्वांत वेगवान चकरी लिहायचीच नाही, असं त्याचं बजावणं. कुणी सलग दहा चकरा मारायला लागला की लिहायला सुरुवात करायची. स्प्रिंट शर्यत तेवढ्याच लांबीची असते, तिची ती तालीम. दुसऱ्या चकरीच्या मानानं दहावी किती हळू, तो आकडा खरा. हे आकडे बातमीत येत नाहीत. टायर कोण सांभाळतो आणि कोण खाऊन टाकतो, ते तिथे दिसतं.

शुक्रवारी दुपारी ट्रॅक थोडा शांत झाला. आजूबाजूची मलेशियन पोरं जुम्म्याच्या नमाजाला निघाली, त्यांच्याबरोबर मीही गेलो. परत येईतो आभाळ भरून आलेलं. तिथला पाऊस विचारून येत नाही.

या तीन दिवसांत निकाल नसतो असं मी म्हणालो, पण निर्णय मात्र असे होतात की ते फिरवता येत नाहीत. मोसम सुरू झाला की ड श्रेणी सोडून इतरांना इंजिनात बदल करता येत नाही. २०२७ ला नियमच बदलणार म्हणून २०२५ साठी ठरवलेलं इंजिन २०२६ अखेरपर्यंत वापरायचं, असं त्या वर्षी ठरलं होतं. डुकाटीनं नवं इंजिन आणलं होतं. मार्क मार्केझ आणि बान्याया यांनी ते जुन्याबरोबर ताडून पाहिलं, आणि चाचण्या संपल्यावर कंपनीनं २०२४ च्या इंजिनावरच भर ठेवला. दोन वर्षांचा संसार पाच दिवसांच्या ओळखीवर! पुढे मार्क मार्केझ २०२५ चा विजेता झाला. बान्याया मात्र मोसमभर गाडीशी झगडत राहिला.

आणि शरीर? २०२४ चा विजेता होर्हे मार्तिन नुकताच एप्रिलियाकडे आला होता, गाडीवर एक नंबर लावून. पहिल्याच दिवशी तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा गाडीनं त्याला वर उडवून फेकलं. उजवा हात मोडला, डाव्या पायालाही इजा झाली, आणि त्याला रुग्णालयात नेलं. त्याच दिवशी फाबिओ दि जानान्तोनिओचं कॉलर बोन मोडलं. कुणी कुणाला मागे टाकत नव्हतं, गुण नव्हते, टाळ्याही नव्हत्या. नव्या गाडीची मर्यादा कुठे आहे ते शोधत असताना ती मर्यादा सापडली, एवढंच. २०१८ पासून अंगातल्या चामडी सूटमध्ये हवेची पिशवी सक्तीची आहे, पडताना ती क्षणार्धात फुगते, म्हणून कितीतरी जण उठून चालू लागतात. तरी याच ट्रॅकवर २३ ऑक्टोबर २०११ ला मार्को सिमोनचेल्ली शर्यतीत गेला, हे स्टँडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. लाल झेंडा लागला की सगळे एकदम उभे राहतात. पडद्यावर रायडर हलताना दिसेपर्यंत कुणी बसत नाही.

पण माझ्या भाच्याची नजर तीन दिवस होती ती नारिंगी गाड्यांवर. केटीएम ही ऑस्ट्रियाची कंपनी. पुण्याच्या बजाज ऑटोची तिच्यात २००७ पासून भागीदारी, आणि ड्यूक गाड्या चाकणला बनतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमनं दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज केला. मोटोजीपीचं पथक राहील की जाईल, याची चर्चा सगळीकडे होती. तरीही सेपांगला त्यांच्या गाड्या आल्या. पेद्रो अकोस्ता, ब्रॅड बाइंडर, माव्हेरिक विन्यालेस, एनेआ बास्तियानिनी असे चार रायडर. भाचा ज्या कारखान्यात आहे तिथलं थोडं काम या नारिंगी गाड्यांसाठीच चालतं. "मामू, हे पथक बंद पडलं तर आमच्या लाइनवर लगेच काही होणार नाही," तो म्हणाला, "पण लोक विचारायला लागतील." त्याच्या घरी मुलीची शाळा आहे, घराचा हप्ता आहे. म्हणून अकोस्ता आत येऊन काय बोलतो, मेकॅनिक मान हलवतात की नाही, हे तो दुर्बीण लावून पाहत होता.

२५ फेब्रुवारीला धनकोंनी पुनर्रचनेला मान्यता दिली. येण्याच्या तीस टक्क्यांवर ते राजी झाले. मे महिन्यात बजाजनं ८० कोटी युरोंचं पाठबळ जाहीर केलं आणि वर्षअखेरीस कंपनीचा ताबा पुण्याकडे आला. अकोस्तानं तो मोसम चौथ्या क्रमांकावर संपवला.

सेपांगला बसलो होतो तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेवटच्या दिवशी वेळ संपल्यावर रायडर ओळीत उभे राहून शर्यतीची सुरुवात कशी करायची त्याचा सराव करतात. क्लच, धूर, एकदम सुटलेली गाडी. दिवसभरात एवढ्या जवळून एवढ्या गाड्या एकत्र ऐकायला मिळतात त्या फक्त तेव्हाच. जाणार असाल तर या वेळेपर्यंत थांबा, आणि कानात घालायला बोळे न्या. भाच्यानं मात्र बोळे काढून ठेवले होते. मोबाइल कठड्याबाहेर धरून तो एका नारिंगी गाडीचा आवाज रेकॉर्ड करत होता. रात्रपाळीच्या पोरांना पाठवायचा म्हणून.