आठ फुटांची काठी

स्पेनमधल्या काडिझ बंदरावर 1625 साली इंग्रजांनी केलेली स्वारी साफ फसली. त्या धुमाळीत डेव्हन परगण्यातल्या टॅव्हिस्टॉकचा रिचर्ड पीक स्पॅनिश सैनिकांच्या हाती सापडला. हेरेस शहरात सरदारांसमोर त्याने आधी रेपियर, म्हणजे लांब सडपातळ तलवार, आणि खंजीर घेऊन एकाला हरवलं. तुझ्या देशाचं शस्त्र कोणतं, असा विषय निघाला तेव्हा त्याने काठी मागितली. एका हॅलबर्डचं, म्हणजे भाला आणि कुऱ्हाड एकाच दांड्यावर असलेल्या शस्त्राचं, पातं काढून नुसता दांडा त्याला देण्यात आला. समोर रेपियर-खंजीरवाले तिघे. दांड्याच्या बुडाच्या लोखंडी अणीने एक जागीच मेला, उरलेल्या दोघांच्या हातची शस्त्रं गेली.

ही हकिकत पीकनेच 1626 मध्ये छापली, तेव्हा थोडी अतिशयोक्ती धरूनच चालावं. पण अशक्य असं तिच्यात काही नाही. जॉर्ज सिल्व्हर या इंग्रज शस्त्रविद्येच्या जाणकाराने 1599 मध्येच ‘पॅराडॉक्सेस ऑफ डिफेन्स’ या पुस्तकात लिहून ठेवलं होतं, की योग्य लांबीची काठी रेपियर-खंजीरवाल्या दोघांनाही भारी पडते. हॅलबर्डलाही तो काठीच्या खालीच बसवतो. पात्याच्या वजनामुळे हॅलबर्डचा दांडा पाच-सहा फुटांपलीकडे नेता येत नाही, हे त्याचं कारण.

सारं अडतं ते या ‘योग्य लांबी’पाशी. सिल्व्हरची रीत अशी: ताठ उभं राहायचं, काठी डाव्या हाताने अंगाजवळ उभी धरायची, उजवा हात पुरेल तितका वर न्यायचा आणि त्यावर दोन्ही हातांच्या पकडीपुरती जागा सोडायची. साधारण आठ-नऊ फूट भरतात. याहून काठी लांब असली तर पल्ला वाढेल, पण दोन काठ्या एकमेकींत अडकल्या की टोक वेळेवर सोडवून घेता येत नाही, आणि तेवढ्यात समोरचा आत घुसतो. आखूड असली तर पल्लाच गेला. पल्ला आणि सुटका या दोन्हींचा मेळ बसेल ती लांबी. मला तरी या विद्येतला हा सर्वांत सुंदर विचार वाटतो, कारण इथे शस्त्राचं माप ज्याच्या त्याच्या शरीरावरून ठरतं.

सिनेमातल्या रॉबिन हूडने मात्र काठीचं फार नुकसान केलं. पुलावर दोघे काठी मधोमध धरून ठोकाठोकी करतात, त्यात निम्मी लांबी फुकट जाते. जुन्या पद्धतीत दोन्ही हात काठीच्या मागच्या अर्ध्यात असतात आणि टोक सतत समोरच्याच्या चेहऱ्यावर रोखलेलं असतं. मागचा हात वीतभर हलला की पुढचं टोक कितीतरी जास्त हलतं, म्हणून छोट्याशा हालचालीत वार अडतो आणि लगेच भोसकाही बसतो. बचाव चार: दोन टोक वर ठेवून, दोन खाली ठेवून. आणि पाय उचलण्याआधी हात चालला पाहिजे, यावर सिल्व्हर पुन्हा पुन्हा जोर देतो. पाय आधी पडला की शरीर उघडं पडतं.

स्ट्रासबुर्गचा योआखिम मायरही 1570 च्या आपल्या ग्रंथात हॅलबर्ड आणि लांब भाल्याच्या आधी काठी शिकवतो. तिच्यावर हात बसला की बाकीची लांब शस्त्रं त्याच पायावर उभी राहतात.

लंडनमध्ये ही विद्या शिकवणाऱ्या उस्तादांची संघटनाच होती. शिष्याने लोकांसमोर वेगवेगळ्या शस्त्रांनी लढून दाखवलं, की त्याला वरची पायरी मिळे. सिल्व्हरच्या प्रत्यक्ष सूचनांचं हस्तलिखित मात्र तसंच पडून राहिलं. सिरिल मॅथी या लष्करी अधिकाऱ्याने ते 1898 मध्ये छापलं. आज ही जुनी विद्या जोपासणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या मंडळांत तलवारीपेक्षा काठीचा मोकळा सराव कमीच होतो, कारण आठ फुटी काठीचा पूर्ण ताकदीचा फटका मुखवटा घातला तरी मान आणि मेंदूला झेपत नाही. तिथे टोकाला जाड गादी बांधून, वेग आवरून खेळतात.