सूज नेमकी कुणाची?

भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्याच्या कडेनं बोट कापतं. टीटीचं इंजेक्शन होतं, पट्टी होते, तरी दोन दिवसांनी बोट लाल होऊन ठणकू लागतं. मग शेजारच्या मशीनवरचा सांगतो, 'जंतू पसरले.' सूज, लाली, ठणका हे सगळं जंतूच करतात, हा समज फार पक्का आहे. काही जिवाणू विषारी द्रव्यं सोडून इजा करतात हे खरं, पण त्या सुजेतला मोठा वाटा आपल्याच शरीराचा असतो.

त्वचेखालच्या मॅक्रोफेज पेशी जिवाणूच्या आवरणाचे घटक ओळखतात आणि लगेच सायटोकाइन नावाची निरोप देणारी प्रथिनं सोडतात. त्यांपैकी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं, त्यातून द्रव पाझरतो. प्रोस्टाग्लँडिन आणि हिस्टामिन त्या वाहिन्या रुंद करतात, म्हणून लाली आणि ऊब. इंटरल्युकिन-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना नेमक्या जखमेकडे ओढून आणतं. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या याच पेशी.

पिंपरीला हे वेगळं सांगायला नको, पण १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं १९५५ पासून इथेच पेनिसिलिन बनवलं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत उभी राहू देत नाही. सुजेवर त्याचा थेट हुकूम चालत नाही. जिवाणू मेल्यावरही त्यांचे तुकडे काही काळ मॅक्रोफेजना चिथावत राहतात. म्हणून औषध सुरू होऊन एकच दिवस झाला आणि सूज पूर्ण उतरली नाही, एवढ्यावरून 'गोळी लागू पडली नाही' असं ठरवून स्वतःच ती बदलू नये. मात्र लाली पुढे सरकत असेल, ताप चढत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवावं.

तापाचंही तसंच. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ यांच्या निरोपामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. पॅरासिटामॉल ही शेवटची पायरी अडवतं. त्यानं बरं वाटतं, पण एकही जिवाणू मरत नाही. ताप उतरला म्हणून तिसऱ्या पाळीला हजर होणाऱ्या माणसाचा संसर्ग जागच्या जागीच असू शकतो.

'सीआरपी वाढलाय, म्हणजे अँटिबायोटिक हवंच,' हेही सर्रास ऐकू येतं. सीआरपी हा रक्तात मोजला जाणारा घटक जिवाणू बनवत नाहीत; इंटरल्युकिन-६च्या सांगण्यावरून आपलं यकृत बनवतं. मशीनमध्ये हात चेंगरला, हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तरी तो वाढतो. काही तासांत चढू लागतो आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो. त्यामुळे एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे, आणि मुख्य म्हणजे पेशंट कसा आहे, हे पाहावं लागतं.

सगळ्यात घातक समज मात्र 'प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली' हा आहे. निरोगी शरीर सूज सुरू करतं तशी ती थांबवतंही. इंटरल्युकिन-१० मॅक्रोफेजना आवर घालतं, रिझॉल्व्हिनसारखे स्निग्ध रेणू न्यूट्रोफिलांची आवक थांबवून साफसफाई सुरू करतात. हा तोल सुटला की सेप्सिस होतो. २०१६च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीरानं दिलेला बेताल प्रतिसाद, ज्यात अवयव निकामी होऊ लागतात. रक्तवाहिन्या सगळीकडेच सैलावतात, रक्तदाब कोसळतो. दम लागणं, बरळणं, लघवी कमी होणं, कातडी थंड किंवा डागाळलेली दिसणं, अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट कॅज्युअल्टी गाठावी.

मग सायटोकाइन रोखूनच टाकले तर? १९९०च्या दशकात सेप्सिसच्या पेशंटांवर टीएनएफ रोखणारी औषधं वापरून पाहिली, अपेक्षित फायदा झाला नाही. सेप्सिस ओळखला जाईपर्यंत टीएनएफची पहिली लाट बहुधा ओसरलेली असते. शिवाय त्या लाटेची शरीराला गरजही असते. संधिवातासारख्या आजारांत याच गटातली औषधं गुणकारी ठरली, पण २००१ मध्ये त्यांपैकी इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० जणांना क्षयरोग झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. फुप्फुसात सुप्त असलेल्या क्षयाच्या जिवाणूंभोवती पेशींची जी गाठ असते, ती टिकवायला टीएनएफ लागतं. ते रोखलं की गाठ विस्कटते आणि जिवाणू मोकळे होतात.

जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी कागदावरचा नाही. टीएनएफ रोखणारं अ‍ॅडालिमुमॅब देणाऱ्यांत चाकणची एन्झीन बायोसायन्सेसही आहे. या गटातलं कुठलंही इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात. घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तेव्हाच सांगावं.